बॉनेटखालचे खरे ते आरसीवर लिहू द्या : गोव्याच्या परिवहन संचालकांना खुले पत्र

प्रति,
माननीय परिवहन संचालक, गोवा राज्य,
तसेच विंटेज वाहनांची पाहणी करणाऱ्या राज्यस्तरीय समितीचे सन्माननीय सदस्य यांस,

स. न. वि. वि.

फोंडा तालुक्यात माझ्या घरामागे पत्र्याची एक शेड आहे आणि तिच्यात १९६५ सालची एक एमजीबी, म्हणजे इंग्रजी बनावटीची छोटी स्पोर्ट्स कार, उभी आहे. तिच्या बॉनेटखाली सध्या काहीच नाही. शेजारी ताडपत्रीखाली, फणसाच्या ओंडक्यांवर, दोन इंजिने ठेवलेली आहेत. एक तिचे स्वतःचे, ज्याचा ब्लॉक तडकलेला आहे. दुसरे भंगारात गेलेल्या एका अँबॅसडरमधून काढलेले, इसुझुच्या बनावटीचे १.८ लिटरचे, पाच गिअरच्या गिअरबॉक्ससह. हे दुसरे इंजिन पहिल्याच्या जागी बसवायला मला आणि माझ्या वेल्डरला दोन महिने पुरतील. ते बसवल्यावर गाडीच्या नोंदणी पुस्तकात, म्हणजे आरसीवर, काय लिहायचे, या साध्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला तीन वर्षांत मिळालेले नाही. म्हणून हे पत्र लिहीत आहे, आणि ते खुले अशासाठी लिहीत आहे की हा प्रश्न माझ्या एकट्याच्या शेडपुरता नाही.

माझ्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. मी डिचोली भागातील खाणींवर यंत्रदुरुस्ती विभागात एकतीस वर्षे काढली. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा माझी निवृत्ती जवळच आली होती. खाणीवर इंजिन बदलणे ही आमची रोजची बाब होती. टिपरचे इंजिन बसले की दुसरे चढवायचे, काढलेले वर्कशॉपमध्ये बांधायला घ्यायचे, आणि कोणते इंजिन कोणत्या गाडीत आहे याची नोंद वहीत करायची. ही वही नीट नसली तर काय गोंधळ होतो, तो मी पाहिलेला आहे. या पत्रात मी जे मागत आहे ते बव्हंशी त्या वहीसारखेच आहे.

गाडी माझ्या मामांची. ते नैरोबीला नोकरीला होते आणि सत्तरच्या दशकात परतताना त्यांनी ती बोटीने आणली. गोव्यात जुन्या परदेशी गाड्या उर्वरित देशाच्या मानाने अधिक का आहेत, हे आपणास सांगायला नको. १९६१ पर्यंत येथे भारतातील आयातबंदी लागू नव्हती आणि आफ्रिकेत गेलेले गोमंतकीय नंतरही आपापल्या गाड्या घेऊन घरी येत राहिले. मामांच्या गाडीला जीडीए मालिकेतील क्रमांक मिळाला आणि तोच आजही तिच्यावर आहे. तिच्या चेसिस क्रमांकाची सुरुवात 'जीएचएन ३' या अक्षरांनी होते आणि इंजिन क्रमांकाची '१८ जीबी' या अक्षरांनी, म्हणजे पाच बेअरिंगच्या क्रँकचे, १९६४ च्या अखेरीस आलेले १७९८ सीसीचे इंजिन. दोन एसयू कार्ब्युरेटर, ९५ अश्वशक्ती, चार गिअर, त्यांपैकी पहिल्याला सिंक्रोमेश, म्हणजे चालत्या गाडीत गिअर अलगद जुळवणारी योजना, नाही. मामा पहिला गिअर टाकण्याआधी गाडी पूर्ण थांबवत आणि शेजारी बसलेल्याला दर वेळी त्याचे कारण समजावून सांगत.

हे इंजिन कसे गेले ते थोडक्यात सांगतो. केरी सोडून चोर्ला घाट चढताना रेडिएटरचा खालचा होज फाटला आणि ते लक्षात येईपर्यंत इंजिन तापून हेड वाकले. एवढ्यावर भागले असते. पण ज्या वर्कशॉपमध्ये मी ब्लॉक बोअरला, म्हणजे सिलिंडर आतून कापून साफ करायला, दिला, तेथे तो आधीच एकदा बोअर झालेला आहे हे न तपासता आणखी कापला गेला, आणि दोन सिलिंडरची भिंत पाण्याच्या जागेपर्यंत पातळ झाली. या ब्लॉकमध्ये सिलिंडर जोडीजोडीने एकमेकांना चिकटून असल्यामुळे कापायला मुळातच वाव कमी असतो. आत स्लीव्ह, म्हणजे नव्या भिंतीची नळकांडी, घालून पाहिल्या. जेमतेम आठशे किलोमीटर धावल्यावर तेलात पाणी आले आणि उघडून पाहतो तर ब्लॉकला बाहेरच्या बाजूने बोटभर तडा. वर्कशॉपचे नाव घेण्यात अर्थ नाही. चूक माझीही होती, कारण मी उभा राहून मोजमाप करून घेतले नाही.

येथे कोणीही जाणकार विचारील की तसेच दुसरे इंजिन इंग्लंडहून का मागवत नाही. एमजीबी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षे बनली, पाच लाखांहून अधिक बनल्या, आणि तिचे सुटे भाग आजही तेथे मिळतात. हे खरे आहे आणि ज्याला परवडते त्याने तसेच करावे. दीडशे किलोहून जड असा ओतीव लोखंडाचा गोळा, त्याचे जहाजभाडे, त्यावरची जकात आणि वापरलेला माल आयात करण्यासाठीचे सोपस्कार हे सर्व माझ्या निवृत्तिवेतनात बसत नाही. शिवाय ते इंजिन आले तरी ते सीसयुक्त पेट्रोलच्या काळातले. भारतात २००० सालापासून सीसविरहित पेट्रोलच मिळते, त्यामुळे हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट बसवाव्या लागतात. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. ते जुन्या रबराच्या नळ्या फुगवते आणि हवेतील ओलावा ओढून घेते. गोव्याच्या पावसाळ्यात दोन महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत काय साचते, ते पाहायचे असल्यास माझ्या शेडमध्ये एक काचेची बरणी भरून ठेवलेली आहे.

दुसरा मार्ग अधिक रंजक आहे आणि नियमांतील अडचण त्यानेच सर्वांत चांगली कळते. आपल्या अँबॅसडरमध्ये दीर्घकाळ जे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन होते ते बीएमसीचे, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे, बी-सीरीज इंजिन, आणि एमजीबीचे १७९८ सीसीचे इंजिन हे त्याच कुळातले पुढचे भावंड. एमजीबीच्या आधीच्या एमजीए या गाडीत तर सुरुवातीला हेच १४८९ सीसीचे इंजिन होते, अर्थात अधिक ताकदीला बांधलेले. म्हणजे हावड्याजवळच्या उत्तरपाड्याला बनलेले इंजिन इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डनला बनलेल्या गाडीत फारशी तोडमोड न करता बसू शकते. मी त्याचा विचार केला होता. पण त्याची ताकद मूळ इंजिनाच्या निम्म्याच्या आसपास, क्रँकला तीनच बेअरिंग आणि गिअर पुन्हा चारच. आणि मुख्य म्हणजे नोंदणी पुस्तकाच्या दृष्टीने त्यानेही काही सुटत नाही. इंजिन क्रमांक बदलतो, घनक्षमता बदलते, उत्पादकाचे नाव बदलते. रक्ताचे नाते आहे, पण कागदावर ते परकेच ठरते.

म्हणून मी इसुझुचे इंजिन निवडले. हिंदुस्तान मोटर्सने ते आधी कॉन्टेसामध्ये आणि नंतर अँबॅसडरमध्ये वापरले. ते एमजीबीच्या इंजिनासारखेच उभे बसते आणि मागची चाके चालवते. घनक्षमता १८१७ सीसी, म्हणजे मूळ इंजिनापेक्षा १९ सीसी अधिक, आणि ताकद मुळापेक्षा जास्त नाही. सुटे भाग म्हापशाला मिळतात. पाचवा गिअर मला का हवा, त्याचा हिशेब सोपा आहे. एमजीबी चौथ्या गिअरमध्ये इंजिनाच्या दर हजार फेऱ्यांना ताशी सुमारे २९ किलोमीटर जाते, म्हणजे ताशी ९० ला इंजिन मिनिटाला ३१०० फेरे घेत असते. पाच गिअरच्या बहुतेक गिअरबॉक्समध्ये पाचव्याचे प्रमाण ०.८ ते ०.८५ असते. त्याने हेच फेरे अडीच हजारांच्या आसपास उतरतात. आवाज कमी, पेट्रोल कमी, उष्णता कमी. मला चोर्ला घाट शर्यतीच्या वेगाने चढायचा नाही. तो न थांबता चढायचा आहे.

आता कायद्याकडे वळतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात याच शब्दांवर बोट ठेवले आणि राज्याचे नियम वा परिपत्रके कलमाच्या पुढे जाऊ शकत नाहीत हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. हा निकाल मी दोनदा वाचला आहे. त्यामागची चिंता मला मान्य आहे, कारण रस्त्यावर चार बोटे रुंद टायर मडगार्डबाहेर काढून फिरणाऱ्या जीप मीही पाहतो.

परंतु हेच कलम शेवटपर्यंत वाचले असता वेगळे चित्र दिसते. इंधनाचा प्रकार बदलण्यासाठी इंजिनात किंवा त्याच्या भागांत बदल करण्यास त्यात मुभा आहे: सीएनजी, एलपीजी, बॅटरी, सौर ऊर्जा. दहा किंवा अधिक परिवहन वाहने ज्याच्या मालकीची आहेत त्याला, त्याच बनावटीचे आणि प्रकारचे इंजिन पूर्वपरवानगीशिवाय बदलण्याची मोकळीक राज्य सरकार देऊ शकते, आणि बदल केल्यापासून चौदा दिवसांत तो नोंदणी प्राधिकरणाला कळवायचा असतो. आणि २०१९ च्या दुरुस्तीने केंद्र सरकारला वाहनांतील बदलांसाठी तपशील आणि मंजुरीच्या अटी ठरवण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत दिला. म्हणजे इंजिन हा गाडीच्या आयुष्यात कधीतरी बदलावा लागणारा भाग आहे हे कायदा स्वतःच गृहीत धरतो.

याचा परिणाम थोडा विचित्र होतो. उद्या मी या एमजीबीतील पेट्रोलचा सगळा संसार उपटून, मान्यताप्राप्त संच घेऊन, विजेची मोटर आणि बॅटऱ्या बसवायचे ठरवले, तर कायद्यात त्यासाठी वाट आहे. सव्वानऊशे किलोच्या आसपास वजनाच्या गाडीत बॅटऱ्यांचे ओझे कोठे ठेवले याने तिचा तोल पूर्ण बदलतो, तरीही वाट आहे. पेट्रोलच्या इंजिनाच्या जागी जवळपास तेवढ्याच आकाराचे, तेवढ्याच ताकदीचे, त्याच इंधनावर चालणारे इंजिन बसवायला मात्र वाट नाही. मी विजेच्या गाड्यांच्या विरोधात नाही. माझ्या मुलीकडे एक आहे आणि ती चांगली आहे.

प्रत्यक्षात काय चालते ते आपणास माझ्याहून अधिक ठाऊक असेल, तरी ते लिहून ठेवतो. गोव्यात, आणि घाटापलीकडेही, जुन्या गाड्यांमध्ये इंजिने बदललेली आहेतच. जीपमध्ये, फियाटमध्ये, फोक्सवागन बीटलमध्ये. नोंदणी पुस्तकात जुना क्रमांक आणि बॉनेटखाली दुसरेच इंजिन, अशी ही वाहने वर्षानुवर्षे फिरतात. मी एका कार्यालयात, रीतसर अर्ज हातात घेऊन, इंजिन बदलाची नोंद कशी करावी असे विचारायला गेलो होतो. तेथील गृहस्थ सज्जन होते. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि आपुलकीने म्हणाले, "काका, लिहून कशाला देता? बॉनेट कोण उघडतो?" त्यांना मला मदतच करायची होती. मी अर्ज घेऊन परत आलो.

बॉनेट कोणी उघडत नाही हे खरे, पण ते उघडण्याची वेळ येते ती अपघातानंतर. तेव्हा विमा कंपनीच्या सर्वेक्षकाला दावा नाकारायला आयतेच कारण मिळते, आणि त्याचा फटका माझ्याइतकाच, ज्याला माझ्या गाडीचा धक्का लागला त्यालाही बसू शकतो. धुराच्या तपासणीत इंजिन कोणत्या काळातले आहे हे पाहणारा कोणी नसतो. पुस्तकातील वर्षावरून मर्यादा ठरते. भारत स्टेज २ या प्रदूषण मानकाच्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे आणि स्टेज २ व ३ च्या गाडीला ०.५ टक्का. म्हणजे १९६५ च्या गाडीत स्टेज ३ चे इंजिन घातले तर ते सहापट अधिक धूर सोडूनही उत्तीर्ण होईल. आणि चोरीच्या गाडीचे इंजिन कोठे गेले हे शोधणाऱ्या पोलिसांना तर या मौनाचा सर्वाधिक त्रास. काही महाभाग नव्या ब्लॉकवरचा क्रमांक घासून त्यावर जुना ठोकतात. तो सरळ गुन्हा आहे आणि त्यांची बाजू मी घेणार नाही. पण खरे सांगणाऱ्याला खिडकी बंद आणि गप्प राहणाऱ्याला रस्ता मोकळा, अशी आज स्थिती आहे हे नाकारता येत नाही.

'मूळ' या शब्दाविषयी थोडे बोलू द्यावे, कारण समितीसमोर तो शब्द वारंवार येतो. आपल्याच देशातील मोटारी पाहा. १९८५ ची प्रीमियर ११८ एनई म्हणजे फियाट १२४ चा सांगाडा आणि त्यात निसानचे ११७१ सीसीचे इंजिन. त्याच वर्षीची स्टँडर्ड २००० म्हणजे रोव्हरचा देखणा सांगाडा आणि त्यात, खर्च वाचवण्यासाठी, कित्येक दशके जुन्या स्टँडर्ड व्हॅनगार्डपासून आलेले दोन लिटरचे इंजिन; ती गाडी दिसायची घोड्यासारखी आणि चालायची बैलासारखी. अँबॅसडरने तर आपल्या हयातीत साइड-व्हॉल्व्ह, बी-सीरीज पेट्रोल, डिझेल आणि इसुझु अशी अनेक हृदये पाहिली. कारखान्याने केले की ते 'मॉडेल' होते आणि मिस्त्रीने केले की 'फेरफार'. खुद्द एमजीबीचीही कथा अशीच आहे. केन कॉस्टेलो नावाच्या इंग्रज गॅरेजवाल्याने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला रोव्हरचे ३५२८ सीसीचे व्ही-८ इंजिन एमजीबीत बसवून दाखवले. ते इंजिन मुळात अमेरिकेतल्या ब्यूइकचे, आणि सगळे अ‍ॅल्युमिनियमचे असल्याने एमजीबीच्या लोखंडी चार सिलिंडरच्या इंजिनाहून जड नव्हते. ते पाहून कारखान्यानेच १९७३ मध्ये बंद छपराची एमजीबी जीटी व्ही-८ बाजारात आणली. १३७ अश्वशक्तीच्या अशा २५९१ गाड्या बनल्या आणि आज त्या मूळ एमजी म्हणून सन्मानाने प्रदर्शनात उभ्या राहतात.

याचा अर्थ कोणीही काहीही बसवावे असा नाही, आणि या बाबतीत मी माझ्या व्यवसायबंधूंपेक्षा कडक आहे. एमजीबीच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आहेत, मागच्यांना ड्रम. पुढचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर जुन्या तऱ्हेचे, दांडा हलवणारे; मागे पाटे. हे सगळे ९५ अश्वशक्तीसाठी आखलेले आहे. त्यात कोणी दोनशे अश्वशक्तीचे टर्बो इंजिन घालून ब्रेक तसेच ठेवले, तर त्या गाडीला रस्त्यावर येऊ देऊ नये, आणि त्यासाठी वाहन निरीक्षकाला माझी मदत हवी असेल तर मी फुकट येईन. एमजीबीला वेगळी चेसिस नाही. पत्र्याचे शरीर हाच तिचा सांगाडा आहे. म्हणून इंजिनासाठी पुढची आडवी पट्टी कापली, बाजूचे पत्रे वाकवले, तर गाडीची हाडेच मोडली असे समजावे, मग वरून रंग कितीही चकचकीत असो. आपल्या खाऱ्या हवेने तिच्या दारांखालचे पोकळ पत्रे आधीच खाल्लेले असतात.

माझ्या कामात मी हे पाळणार आहे, आणि ते येथे लिहितो कारण हेच निकष म्हणून वापरता येतील असे मला वाटते. इंजिनाची फाउंडेशन मी मूळ भोकांवरच बोल्टने बसवणार आहे. त्यासाठीचे ब्रॅकेट वेगळे, सुटे होणारे. गिअरबॉक्सखालचा आडवा आधारही तसाच. १९६७ पूर्वीच्या एमजीबीत गिअरबॉक्सचा बोगदा पुढच्या मॉडेलपेक्षा अरुंद आहे, म्हणून मी आधी पाच गिअरच्या गिअरबॉक्सचा प्लायवूडचा साचा केला आणि तो खालून लावून पाहिला. तो बसतो, फक्त गिअरचा दांडा मूळ भोकाच्या चार इंच मागे येतो. भोक कापले तर अर्ध्या तासाचे काम. मी तेथे जोडदांडा करून हात मूळ जागी आणणार आहे, ज्याला आठवडा जाईल. प्रोपेलर शाफ्ट नवा, लांबीप्रमाणे करून तोल साधलेला. जुना तेल लावून भिंतीवर टांगलेला. गाडीची वायरिंग मूळची पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेली, आहे; ती बदलण्याआधी प्रत्येक टोकाला पितळेची चकती बांधून नोंद ठेवली आहे. उद्या माझ्या नातवाला '१८ जीबी' इंजिन दुरुस्त करून परत चढवायचे असेल, तर त्याला फक्त पाने लागतील, गॅस कटर लागणार नाही.

आता मागण्यांकडे येतो. त्यांपैकी एक आपल्या हाती आहे, दुसरी आपल्या शिफारशीने पुढे जाऊ शकते.

आपल्या हाती असलेली ही. १५ जुलै २०२१ रोजी केंद्राने विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, चेसिस, शरीर किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीसाठी वीस हजार रुपये शुल्क, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे, मुदत दहा वर्षे, आणि रोजच्या वापराला मनाई. माझी गाडी दुसरे इंजिन असेपर्यंत त्या मानाच्या पंक्तीत बसू नये हे मला मान्य आहे. तसा अर्जही मी करणार नाही. पण ज्या गाडीचे मूळ इंजिन जपून ठेवले आहे, जिच्या सांगाड्याला धक्का लागलेला नाही, तिच्यात ते इंजिन परत बसवल्यावर ती विंटेज नोंदणीस पात्र ठरेल की मधल्या काळातील बदलामुळे कायमची बाद होईल, याविषयी समितीने लेखी भूमिका जाहीर करावी. या एका वाक्याच्या अभावी लोक मूळ इंजिने भंगारात किलोच्या भावाने विकतात, कारण ती ठेवून उपयोग होईल याची खात्री त्यांना कोणी देत नाही. गेल्या दहा वर्षांत मी स्वतः अशी चार इंजिने तराजूवर चढलेली पाहिली आहेत.

दुसरी मागणी केंद्राकडे शिफारस करण्याची. २०१९ च्या दुरुस्तीने दिलेला अधिकार वापरून, तीस वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठी इंजिन आणि गिअरबॉक्स बदलाच्या अटी ठरवाव्यात असे गोव्याने सुचवावे. तीस हा आकडा मी मनाने काढलेला नाही. जर्मनीत ऐतिहासिक वाहनाच्या खास क्रमांकासाठी तीच वयाची अट आहे, आणि त्या काळात प्रचलित असलेले बदल तेथे चालवून घेतले जातात. इंग्लंडमध्ये बदललेल्या गाडीची ओळख ठरवायला अनेक वर्षे गुणांची पद्धत वापरली गेली: चेसिस किंवा सांगाड्याला पाच गुण, सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन, आणि इंजिनाला फक्त एक. चौदापैकी आठ गुण राहिले, त्यात सांगाडा मूळचा असला, की गाडी आपला जुना क्रमांक राखू शके. माझी एमजीबी त्या हिशेबाने बदलानंतरही अकरा गुणांवर उभी राहील. ही पद्धत जशीच्या तशी उचलावी असे मी म्हणत नाही, पण गाडीची ओळख इंजिनापेक्षा सांगाड्यात अधिक असते, एवढा विचार त्यातून घेण्यासारखा आहे.

अटी कडक असाव्यात. ताकद त्या सांगाड्यासाठी कारखान्याने दिलेल्या सर्वाधिक ताकदीच्या पलीकडे जाऊ नये. बदलाआधी आणि नंतर पुढच्या-मागच्या चाकांवरचे वजन काट्यावर करून कागद जोडावा. खाणींमुळे आपल्याकडे वजनकाट्यांची वाण नाही. इंजिन कोठून आले त्याचे बिल आणि त्या गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा दाखला हवा. धुराची मर्यादा गाडीच्या नव्हे, इंजिनाच्या वर्षाप्रमाणे लावावी. ब्रेकची चाचणी घ्यावी. तपासणीसाठी प्रत्येकाला पुण्याच्या एआरएआय या वाहन चाचणी संस्थेकडे पाठवण्याऐवजी फर्मागुडीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयातील यंत्र विभागाचे साहाय्य घेता येईल. विद्यार्थ्यांनाही त्यातून पुस्तकाबाहेरचे काही पाहायला मिळेल. आणि चेसिस क्रमांकाची जशी आपण पेन्सिलने छाप घेता, तशी दोन्ही इंजिनांच्या क्रमांकांची घ्यावी आणि पुस्तकात एक ओळ लिहावी: मूळ इंजिन अमुक, सध्याचे इंजिन अमुक, बदलाची तारीख अमुक.

माझे रॅलीतले काही मित्र हे पत्र वाचून रागावतील. त्यांच्या मते इसुझुचे इंजिन घातलेली एमजीबी म्हणजे पैठणीला नायलॉनचे अस्तर. त्यांचा राग मी समजू शकतो, आणि ज्या गाडीचे मूळ इंजिन धडधाकट आहे तिला हात लावू नये याबाबत आमचे एकमत आहे. पण त्यांच्यातल्याच एकाच्या गॅरेजात ऐंशीच्या दशकापासून न हललेली एक सुंदर गाडी आहे. तिच्या खाली आता मांजरीची पिल्ले होतात. ती मूळ आहे यात शंका नाही.

माझी आपणास विनंती आहे की समितीच्या सदस्यांनी एकदा माझ्या शेडला भेट द्यावी. इंजिन बाहेर असल्याने फाउंडेशनची जागा, बोगदा, आडवी पट्टी सर्व उघडे आहे, प्लायवूडचा साचा आहे, दोन्ही इंजिनांचे क्रमांक स्वच्छ वाचता येतात. सूचना मिळेपर्यंत मी काम सुरू करणार नाही. शक्य झाल्यास मे महिन्याच्या आत यावे. मिरग लागला की शेडसमोरच्या मातीच्या वाटेवर सरकारी जीप रुतेल, आणि ती ओढून काढायला माझ्याकडे सध्या चालती गाडी नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त यंत्रदुरुस्ती कर्मचारी,
फोंडा, गोवा